घरखर्चाच्या वहीत व्याजाचा रकाना

घरावर कर्ज चढलं की पहिली कात्री लागते ती दुधाला, भाजीला आणि मुलांच्या खाऊला. रतीब अर्ध्या लिटरने कमी होतो, फळं बंद होतात. तिकडे क्रेडिट कार्डावर महिन्याला तीन हजारांच्या वर व्याज जात असतं, पण ते किराण्याच्या यादीत नसल्यामुळे कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. व्याज हाही घरखर्चच आहे, आणि कात्री लावायची तर आधी तिथे. त्यानंतर स्वयंपाकघरात, विजेत, मोबाइलमध्ये जे काही वाचेल, ते त्याच दिवशी कुठल्या तरी कर्जाच्या मुद्दलात गेलं पाहिजे. या दोन गोष्टी नीट केल्या तर उपाशी राहायची वेळ येत नाही.

सुरुवात एका कागदापासून करा. घरात जेवढी कर्जं आहेत तेवढ्या ओळी. प्रत्येक ओळीत आजची मुद्दल, व्याजदर, हप्ता, हप्त्याची तारीख, तारण काय, जामीनदार कोण, मुदतीआधी फेडलं तर दंड किती. आणि शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा: या महिन्यात नुसतं व्याज किती रुपये गेलं. टक्के लिहून भागत नाही, रुपयेच लिहायचे.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. चौघांचं घर, हातात येणारा पगार ५२,०००. क्रेडिट कार्डावर बाकी ८०,०००, दर महिन्याला साडेतीन टक्के. व्याज झालं २,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, म्हणजे ३,३०४ रुपये. पर्सनल लोनची शिल्लक २,१०,०००, दर १५ टक्के, व्याज २,६२५. पतसंस्थेचं १,२०,०००, दर १४ टक्के, व्याज १,४००. सोनेतारण ९०,०००, दर १० टक्के, व्याज ७५०. गावातून शेकडा तीनने घेतलेले ५०,०००, व्याज १,५००. मेव्हण्याकडून हातउसने ४०,०००, व्याज शून्य. एकूण कर्ज ५,९०,००० आणि महिन्याचं व्याज ९,५७९ रुपये. दिवसाला सुमारे ३२०. अर्धा लिटर दूध बंद करून रोज किती वाचणार होते, ते या आकड्याशेजारी ठेवून बघा.

हा कागद नवरा-बायकोने एकत्र बसून भरावा. एकाने दुसऱ्यापासून लपवलेली एक ओळ राहिली, की पुढचा सगळा हिशेब चुकतो. लपवलेलं कर्ज बहुतेक वेळा सर्वांत महागडं असतं.

दर लिहिताना एक घोळ होतो. प्रत्येक ठिकाणची व्याजाची भाषा वेगळी असते. गावात शेकडा तीन म्हणतात तेव्हा ते शंभराला महिन्याला तीन रुपये असतात, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. बचत गटाचं दोन टक्के व्याजही महिन्याचं, म्हणजे वर्षाला २४. मात्र ते गटातच फिरतं आणि शेवटी सभासदांच्याच वाट्याला येतं, म्हणून त्याला सावकारीच्या रांगेत बसवू नये. सर्वांत फसवा तो फ्लॅट दर. एक लाखाचं कर्ज, १२ टक्के फ्लॅट, तीन वर्षं: व्याज ३६,०००, हप्ता ३,७७८. ऐकायला स्वस्त वाटतं. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावरच धरलेलं असतं, त्यामुळे घटत्या शिलकेवर हाच दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. फ्लॅट दर दिसला की त्याला साधारण पावणेदोनने गुणा आणि तो आकडा रकान्यात लिहा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावं लागतं. त्यात शुल्कांसह खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. नवीन कर्ज घेताना सही करण्याआधी फक्त तो एक आकडा शोधा.

आता कार्डाकडे. बिलावर 'किमान देय रक्कम' अशी एक ओळ असते, साधारण बाकीच्या पाच टक्के. आपल्या उदाहरणात ४,००० रुपये. ते भरले की दंड लागत नाही, फोन येत नाहीत, आणि घरात वाटतं की कर्ज फिटतंय. प्रत्यक्षात ४,००० मधले ३,३०४ व्याज आणि करात जातात, मुद्दल कमी होते ६९६ रुपयांनी. त्याच महिन्यात कार्डावर ७०० रुपयांचं पेट्रोल भरलं की बाकी होती तिथेच. शिवाय मागची बाकी पुढे ओढली की बिनव्याजी दिवसांची सवलत जाते, नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून आणि वर वेगळं शुल्क.

म्हणून कार्डाची बाकी फेडण्याआधी ती तिथून हलवायची. एक वाट म्हणजे कार्ड कंपनीकडूनच बाकीचे मासिक हप्ते पाडून घ्यायचे. समजा १६ टक्क्यांनी १२ महिने मिळाले: हप्ता सुमारे ७,२६०, वर्षभराचं व्याज ७,१०० च्या आसपास, त्यावर जीएसटी आणि एकदाचं प्रक्रिया शुल्क. आहे त्या दराने तेवढं व्याज अडीच महिन्यांत जातं. दुसरी वाट सोन्याची, आणि माझ्या मते ज्या घरात दागिने आहेत तिथे हीच आधी तपासावी. गेल्या दोन-तीन वर्षांत सोन्याचा भाव इतका वाढला आहे, की तेव्हा तारण ठेवलेल्या त्याच दागिन्यांवर आज बरीच जास्त रक्कम बसते. नवीन दागिना न काढता जुन्या तारणावर वाढीव रक्कम मिळते का, हे बँकेत जाऊन विचारा. कार्डाचे ८०,००० आणि शेकडा तीनचे ५०,००० असे १,३०,००० दहा टक्क्यांवर आले, तर त्यांचं महिन्याचं व्याज ४,८०४ वरून १,०८३ वर येतं. ३,७२१ रुपये वाचले, आणि घरात कुणाच्या ताटातलं काहीही कमी झालं नाही.

सोनेतारणात चुका कुठे होतात तेही सांगतो. मूल्यांकनात घडणावळ आणि खडे धरत नाहीत, फक्त सोन्याचं निव्वळ वजन आणि कॅरेट. त्यामुळे दुकानातल्या बिलाचा आकडा डोक्यात ठेवून जाऊ नका. दुसरं, अनेक योजनांत वर्षअखेर मुद्दल आणि व्याज एकदम भरायचं असतं. महिन्याला काहीच भरावं लागत नाही म्हणून ती सोयीची वाटते, आणि वर्ष संपलं की हातात पैसे नसतात, मग नूतनीकरण, मग पुन्हा नूतनीकरण. काउंटरवर स्पष्ट विचारा: दर महिन्याला व्याज आणि जमेल तेवढी मुद्दल भरली तर चालेल का? चालत असेल तरच घ्या आणि बँकेत महिन्याची स्थायी सूचना लावा, म्हणजे पैसे खात्यातून आपोआप वळते होतात. भाव कोसळला किंवा खातं थकलं तर लिलावाची नोटीस येते, म्हणून मिळते म्हणून कमाल रक्कम उचलू नका. आणि दागिने जिचे आहेत तिची मनापासून संमती हवी, कर्ज आणि पावती शक्यतो तिच्याच नावावर. स्त्रीधन घरासाठी वापरलं जातंय, तर ते सोडवून आणण्याची तारीखही त्याच दिवशी वहीत लिहिली गेली पाहिजे.

बाकी हलवली, की कार्ड घरातच कपाटात ठेवा आणि मोबाइलमधल्या खरेदीच्या सगळ्या ॲप्समधून त्याचा नंबर काढून टाका. हे सोडलं तर सगळी मेहनत वाया जाते. कारण बाकी फिटली की मर्यादा मोकळी होते, आणि मोकळी मर्यादा सणासुदीला पुन्हा भरते. मग कार्डही भरलेलं आणि सोनंही बँकेत, अशी अवस्था येते. कार्डाची मर्यादा १५-२० हजारांवर आणून द्यायला कंपनीला सांगता येतं.

सगळी कर्जं एकत्र करून एकच मोठं कर्ज घ्यावं, असा सल्ला देणारे फोन या काळात खूप येतात. फोनवर ते हप्ता किती कमी होईल एवढंच सांगतात. आपलं २,१०,००० चं पर्सनल लोन १५ टक्क्यांचं आहे, ३० हप्ते उरलेत, हप्ता सुमारे ८,४४०. उरलेलं व्याज ४३,००० च्या आसपास. आता १२ टक्क्यांनी ६० महिन्यांचं नवीन कर्ज घेतलं तर हप्ता ४,६७० वर येतो, दरही कमी, सगळं छान. पण एकूण व्याज होतं ७०,००० च्या वर, प्रक्रिया शुल्क वेगळं. मुदत वाढली की स्वस्त दरही महाग पडतो. हप्ता खरोखरच झेपत नसेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते कर्ज कमी करणं नव्हे, श्वास घ्यायला वेळ विकत घेणं आहे, हे माहीत असू द्या. घेतलंच तर मुदत जुन्याइतकीच ठेवा.

कुठलं कर्ज आधी फेडायचं? व्याजाचा दर ज्याचा सर्वांत जास्त, ते. बाकीच्या सगळ्यांचे ठरलेले हप्ते जायचेच, वर जो जादा पैसा निघेल तो एकाच ठिकाणी ओतायचा. पाच ठिकाणी पाचशे-पाचशे वाटले तर कुठेच फरक दिसत नाही. काही जण सर्वांत छोटं कर्ज आधी संपवायला सांगतात, म्हणजे हुरूप येतो. दरांत दोन-चार टक्क्यांचाच फरक असेल तर तसं करायला हरकत नाही. पण एकीकडे ३६ टक्के आणि दुसरीकडे १० टक्के असताना हुरूपासाठी दहाचं फेडू नये. हातउसन्याचा मात्र वेगळा विचार. त्याला व्याज नाही म्हणून ते शेवटी ढकललं जातं आणि नातं तुटतं. मेव्हण्याला महिन्याच्या ठरलेल्या तारखेला २,००० रुपये बँकेतून पाठवा, सोबत 'हातउसने, हप्ता ३, बाकी ३४,०००' असा संदेश. वीस महिन्यांत विषय संपतो आणि मधल्या काळात एकमेकांच्या घरी ताठ मानेने जाता येतं.

शेकडा तीन किंवा पाचवाल्या खासगी कर्जाबद्दल कायदा माहीत असणं फार गरजेचं आहे. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. परवानाधारक सावकारालाही शेतीखेरीजच्या कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ आणि विनातारण १८ टक्के, तर शेतकऱ्याला अनुक्रमे ९ आणि १२ टक्के, एवढीच मर्यादा आहे. चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि दामदुपटीचा नियम आहे: एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी द्यायची. अडचण अशी असते, की दिलेल्या पैशांचा पुरावाच नसतो. म्हणून आजपासून प्रत्येक रक्कम बँक खात्यातूनच द्या. कोरे धनादेश, सही केलेला कोरा मुद्रांक दिलेला असेल, तर त्याचे नंबर आठवून तारखेसह वहीत लिहून ठेवा. कर्ज फिटत आलं की ते परत मिळेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.

आता जादा पैसा मुद्दलापर्यंत कसा पोचवायचा. इथे सर्वांत जास्त गळती होते. लोक कर्जखात्यात दहा हजार भरून येतात, आणि बँक ते पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता म्हणून धरते किंवा नुसतंच जमा दाखवते. मुद्दल तशीच, व्याज तसंच. म्हणून भरणा करताना अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. मजकूर एवढा पुरे: 'कर्ज खाते क्रमांक अमुक मध्ये आज भरलेले रुपये इतके हे आगाऊ हप्ता म्हणून न धरता मुद्दलातून वजा करावेत. हप्त्याची रक्कम आहे तीच ठेवून मुदत कमी करावी. सुधारित परतफेड वेळापत्रक द्यावे.' आठ दिवसांनी उतारा काढून मुद्दल खरोखर तेवढी उतरली का ते बघायचं.

'हप्ता तोच, मुदत कमी' या चार शब्दांची किंमत किती, ते गृहकर्जात दिसतं. वीस लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता १७,३५६. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ व्याजात जातात, मुद्दलात फक्त ३,१८९. वर्ष संपताना एक लाख जादा भरला आणि हप्ता तोच ठेवला, तर पुढचे सुमारे २६ हप्ते कमी होतात. निव्वळ व्याज वाचतं साडेतीन लाखांहून थोडं जास्त. तोच लाख भरून बँकेला हप्ता कमी करू दिला, तर हप्ता १६,४७० च्या आसपास येतो आणि शेवटपर्यंत व्याज वाचतं जेमतेम एक लाख. एकाच रकमेचे हे दोन परिणाम, आणि फरक फक्त अर्जातल्या एका ओळीचा.

फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, दराच्या वैयक्तिक कर्जावर, म्हणजे नेहमीच्या गृहकर्जावर, मुदतपूर्व फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पर्सनल लोन आणि वाहनकर्ज बहुधा स्थिर दराचं असतं, तिथे दोन ते पाच टक्के आणि वर जीएसटी असा दंड असू शकतो, कधी पहिले काही महिने फेडताच येत नाही. मंजुरीपत्रात पाहा. सूक्ष्म वित्त संस्थांच्या गटकर्जाला असा दंड नसतो, आणि २०२२ च्या नियमांनुसार तशा घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. दोन-तीन संस्थांचे साप्ताहिक हप्ते भरणाऱ्या बायकांनी ही मर्यादा वसुलीला येणाऱ्याला ऐकवावी.

जादा पैसा आणायचा कुठून? आधी बँकेत पडून असलेल्या, ज्यांना आपण बचत म्हणतो त्या गोष्टी बघा. सात टक्क्यांची मुदत ठेव आणि शेजारी ३६ टक्क्यांचं कर्ज, ही जोडी अनेक घरांत सापडते. ठेव मोडताना एखादा टक्का जातो, जाऊ द्या. पीपीएफ खात्यावर तिसऱ्या ते सहाव्या वर्षात, दोन वर्षांपूर्वीच्या अखेरीस असलेल्या शिलकेच्या २५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पीपीएफच्या दरापेक्षा फक्त एक टक्का जास्त व्याजाने. जुन्या पारंपरिक विमा पॉलिसीवरही कर्ज मिळतं, किंवा ती 'पेड-अप' करून हप्ते थांबवता येतात. मुदत विमा, म्हणजे टर्म पॉलिसी, मात्र कधीही बंद करू नका. कर्जदार घरातली ती पहिली गरज आहे.

पण सगळं झाडून कर्जात ओतू नका. पंधरा-वीस हजार रुपये वेगळ्या बचत खात्यात ठेवा, ज्याचं कार्ड पाकिटात नाही. गाडीचं टायर फुटलं, लेकरू तापाने फणफणलं, तर हा पैसा कामी येतो. तो नसेल तर आपण परत त्याच कार्डाकडे जातो.

त्याहून मोठा खड्डा म्हणजे वर्षाचे खर्च. महिन्याचं अंदाजपत्रक सगळे करतात, आणि जूनमध्ये ते कोसळतं, कारण शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं महिन्याच्या वहीत नसतात. उदाहरणाच्या घरात असं धरू: जूनची फी, गणवेश, पुस्तकं २४,०००, विम्याचे हप्ते १४,०००, गणपती-दिवाळी २०,०००, घरपट्टी-पाणीपट्टी ५,०००, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग ६,०००, लग्नाचे आहेर ३,०००. बेरीज ७२,०००, महिन्याला ६,०००. हे सहा हजार पगाराच्या दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेवीत किंवा दुसऱ्या खात्यात गेले पाहिजेत, हप्त्याइतक्याच शिस्तीने. जानेवारीत सुरुवात करत असाल तर आधी सर्वांत जवळचा खर्च धरा: चोवीस हजार पाच महिन्यांत, म्हणजे महिन्याला ४,८००. पहिलं वर्ष ओढाताणीचं जातं. कर्जफेड थोडी हळू झाली तरी चालेल, पण हा भाग वगळू नका. कर्ज फेडून पुन्हा कर्जात गेलेल्या घरांचा हिशेब बघितला, तर बहुतेक वेळा कारण जून महिना किंवा लग्नसराई असते.

हप्त्याच्या तारखाही तपासा. पगार सात तारखेला आणि हप्ता पाचला, अशी रचना असेल तर दर काही महिन्यांनी तो परत जातो. परत गेलेल्या एका हप्त्याचं शुल्क दोन ठिकाणी लागतं, आपल्या बँकेचं वेगळं आणि कर्ज देणाऱ्याचं वेगळं, दोन्हींवर जीएसटी. एक अर्ज देऊन तारीख पुढे सरकवून घ्या.

आता स्वयंपाकघर आणि वीज. इथे रकमा लहान आहेत, म्हणून थोडक्यात. तेलाची पिशवी घेताना किंमत बघण्याआधी ग्रॅम वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारची स्वस्त पिशवी ८०० किंवा ७५० ग्रॅमची असू शकते. किमतीला ग्रॅमने भागून शंभर ग्रॅमचा भाव काढा, मगच ठरवा. हरभरा, राजमा, वाटाणा रात्री भिजत घातला आणि डाळ-भात एकाच कुकरमध्ये लावला, की गॅस वाचतो. ज्योत पिवळी दिसू लागली तर बर्नरची भोकं पिनेने साफ करा, पिवळी ज्योत गॅस खाते आणि भांडी काळी करते. सिलिंडर घेताना कडीजवळ रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवून तेवढं भरतंय का, ते पोचवणाऱ्याला वजनकाट्यावर दाखवायला सांगा. लावल्याची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा, दोन-तीन सिलिंडरांत आपला खरा सरासरी वापर कळतो.

उन्हाळ्यात वर्षाचे गहू-तांदूळ भरायची पद्धत चांगली, पण रोखीने भरायचे असतील तरच. बारा हजारांचं धान्य कार्डावर घेतलं आणि बाकी तशीच राहिली, तर महिन्याला ४९५ रुपये व्याज लागतं. घाऊक खरेदीत बाराशे रुपये सुटले असतील, ते अडीच महिन्यांत संपले. कर्ज असताना दोन-तीन महिन्यांपुरतं भरा.

विजेत सर्वांत आधी गीझर. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. रोज अर्धा तास कमी केला तर महिन्याला तीस युनिटं, आणि महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांच्या पुढचं प्रत्येक युनिट चढ्या भावाने येतं, म्हणजे वाचतात ती महागडी युनिटं. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटांचा फरक. तरी चालू पंखे काढून नवे हप्त्याने घेऊ नका. जुना जळाला, की रिवाइंडिंगऐवजी नवा घ्या. बिल मुदतीआधीच्या सवलतीच्या तारखेला भरलं तर एक टक्का सूट मिळते.

मोबाइलचं २८ दिवसांचं रिचार्ज वर्षात तेरा वेळा होतं, बारा नाही. चार फोनांच्या घरात चार जादा रिचार्ज. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाची यादी असते, ती उघडून बघा. विसरलेल्या दोन-तीन वर्गण्या तिथे हमखास सापडतात.

काय कापू नये, हेही ठरवा. मुलांचं दूध, अंडी, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या. गोळ्यांचा खर्च कमी करायचा तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात विचारा; गोळी चुकवू नका. दवाखाना हे कर्जाचं मोठं कारण असतं, म्हणून रुग्णालयात दाखल व्हायच्या आधीच ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, तिथल्या आरोग्यमित्राला भेटून विचारा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. दाखल होऊन अनामत भरल्यानंतर धावाधाव केली तर उपयोग होईलच असं नाही.

हप्ता थकणारच असं दिसत असेल, तर थकण्याआधी बँकेत जाऊन पुनर्रचनेचा अर्ज द्या. थकल्यावर दंड लागतो, मात्र एप्रिल २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना तो दंड मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. नातेवाइकांना, ऑफिसला फोन करून बदनामी केली तर तारखा आणि नंबर लिहून लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ वर चौकशी करता येते. 'सेटलमेंट करून टाका, निम्म्यात मिटवतो' असा प्रस्ताव आला तर लक्षात ठेवा, पतअहवालात 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं. अगदीच मार्ग नसेल तेव्हाच, आणि लेखी पत्र हातात आल्यावरच पैसे भरायचे.

कर्ज फिटलं त्या दिवशी काम संपत नाही. बेबाकी दाखला, म्हणजे काहीही देणं उरलं नसल्याचं पत्र, घ्या. बँक किंवा वित्त कंपनीने घराची मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत द्यायला हवीत, उशीर तिच्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. गाडी असेल तर फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र घेऊन आरटीओत बोजा उतरवा; शेतजमीन असेल तर बँकेचं पत्र जोडून सातबारावरचा बोजा कमी करायचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून किंवा तलाठ्याकडे द्या. पतसंस्थेने कर्ज देताना भागभांडवल म्हणून कापलेली रक्कम परत मागा, ती मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाही. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. खात्यापुढे 'क्लोज्ड' लिहिलेलं दिसलं पाहिजे.

सोनं सोडवताना घाई करू नका. तारण ठेवल्याच्या पावतीवर प्रत्येक दागिन्याचं एकूण वजन आणि निव्वळ वजन लिहिलेलं असतं. पाकिटाचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा, एकेक दागिना काट्यावर ठेवून पावतीशी ताडा, मंगळसूत्राच्या वाट्या, कानातल्यांचे मळसूत्राचे फिरके मोजा, मगच सही करा. आणि पतसंस्थेच्या बेबाकी दाखल्याची एक झेरॉक्स काढून जामीनदाराच्या घरी नेऊन द्या. तुमच्या सहीइतकीच त्याची सहीही त्या कागदावर इतकी वर्षं अडकून होती.